केसरबाईंचा हात

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही — पण आता पोटात ठेववत नाही.

मी बियाण्यांच्या कंपनीत आहे. ऑफिस शहरात, सी-स्कीममध्ये, चाचणीचं शेत मात्र बाहेर कानोता गावाला, केसरबाईंचं. काकडीच्या बियांना आम्ही लेप देतो. माती गार असेपर्यंत तो पाणी आत शिरू देत नाही, म्हणून बी कुजत नाही. ऊब आली की उगवतं. माणसानं फक्त वाट बघायची. मला नेमकी तीच बघवली नाही.

जानेवारी संपत आला होता. मोठे साहेब पाहायला यायचे होते आणि सरीत हिरवा ठिपका नव्हता. केसरबाई भाचीच्या लग्नाला गेलेल्या. मी काय केलं — वैशाली नगरच्या माझ्या फ्लॅटमध्ये, हीटरच्या उबेला, साध्या बियांची रोपं काढली आणि आणून सरीत लावली. साहेब खूश झाले. केसरबाई परतल्या, त्यांनाही ठोकून दिलं, 'आठ दिवसांत उगवलं.' नंतर लेपाचं बीही उगवलं. खरं तर हसायलाच हवं होतं, नाही का? पण एकाच सरीत दोन वयांची रोपं दिसली असती, म्हणून मी ते कोंब विरळणीच्या नावाखाली उपटले.

पुढच्या वर्षी त्यांनी थंडीतच सगळ्या शेतात तेच लेपाचं बी टाकलं. दहाव्या दिवशी फोन आला — "साबजी, कुछ नहीं आया। आपने तो आठ दिन कहा था।"

'थांबा' एवढंच म्हणायचं होतं. पण मग ते आठ दिवस कुठून आले, हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "बी खोल गेलं असेल, तुमच्या हातून."

तुमच्या हातून! त्यांचा हात गुणाचा, पेरणीचं पहिलं बी त्यांच्याच हातून पडावं म्हणून शेजारपाजारचे त्यांना बोलावून न्यायचे. माझं ऐकून त्यांनी जित्या बियांवर ट्रॅक्टर फिरवला.

यंदा शेजारच्या शेतात पेरणी होती, मीही तिथं होतो. केसरबाईंना बोलवायला गेलेली त्या घरची सून एकटीच परत आली. म्हणाली, "काकीजी कहती हैं, उनका हाथ अब खराब हो गया।"

सगळे हळहळले. मीही हळहळलो, त्यांच्यासारखाच, आणि पहिलं बी दुसऱ्या कुणी टाकलं.