आत्तीचा पाय आणि सात सीटची गाडी

मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, कुणी खरं मानलं नाही. गाडी घ्यायची तर आधी आत्तीचा गुडघा बघा, मग त्या बॅटरीचं काय ते बघा. पण चौथी शिकलेल्या बाईचं कोण ऐकतंय!

आत्ती म्हणजे माझी सासू. वय ऐंशीच्या घरात, आवाज विशीतला. माहेर गारगोटीच्या पलीकडं. दोन वर्षं झाली, ती तिकडं गेली नव्हती. जीपची पायरी चढवत नाही, एस्टीची तर त्याहून उंच. बुटक्या गाडीत बसवली तर खाली रुततीय, मग दोघांनी ओढून काढायची. दरवर्षी जत्रेला भावाचा निरोप यायचा आणि ही म्हणायची, "तुमी जावा. राखणीला कोण पायजे का नको?" आणि उंबऱ्यात बसून आम्ही वळणाला दिसेनासे होईस्तोवर बघत राहायची. मग यंदा मीच ठरवलं, सगळं घर मावंल अशी विजेवरची मोठी गाडी घ्यायची. आणि त्यात आत्ती स्वतःच्या पायानं चढली पाहिजे.

गडमुडशिंगीत आमचं मिरची कांडप आहे. मशीन चालू असलं की शेजारणीचं बोलणं ऐकू येत नाही. पण लाईट गेली की बायका म्हणतातच, "शालनताई, लाईट यिस्तोवर गाडीचं सांगा की!" सांगून सांगून एवढं साठलंय, की आता लाईटच कमी वेळ जाते असं वाटायला लागलंय.

*

पहिली मिटिंग आमच्या सोप्यात झाली.

माझा मुलगा विकास मोबाईल पुढं धरून म्हणाला, "आई, एका चार्जिंगला चारशे किलोमीटर तरी पायजेच."

म्हटलं, "तुझी आज्जी गारगोटीला निघालीया, दिल्लीला न्हाय."

सून प्रियांकाला छताला काच पाहिजे होती. विचारलं, "कशाला गं?" तर म्हणाली, "आकाश बघायला." म्हटलं, "अंगणात जा की, फुकट दिसतंय!"

धाकटा दीर बाळू. त्याला पांढरा रंग नको. "ॲम्ब्युलन्स वाटती, वहिनी."

आमचे मालक, म्हणजे विकासचे वडील, तेवढे ऐकत बसले होते. त्यांनी वीस वर्षं गारगोटी रोडला वडापची जीप चालवलीय. म्हणजे स्टँडला उभं राहायचं, माणसं कोंबायची आणि आणखी एक मावत नाही असं झालं की मगच निघायचं. लायनीवर सगळे त्यांना आप्पाच म्हणतात. सगळ्यांचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "सीट किती?"

विकास म्हणाला, "सात."

मालकांनी जरा हिशेब केला. "म्हंजे आरामात चौदा."

*

मी तिथनं उठले, आत गेले आणि आत्तीला भिंतीला धरून उभं केलं. म्हटलं, "आत्ती, पाय उचला."

"का? माप घ्यालीस काय मढ्याचं?"

"उचला म्हटलं न्हवं!"

तिनं दुखेस्तोवर उचलला. जिथं थांबली तिथं काठीवर मी कुंकवाची रेघ ओढली. विकास कपाळाला हात लावून म्हणाला, "आई, अशी गाडी घेत्यात काय कोण?"

पहिल्या शोरूमला वॉचमननंच अडवलं. "काकू, काठी भाईर ठेवा."

म्हटलं, "गाडी काठीच घ्यायला आलीया. आमी तिच्यासंगं आलोय!"

*

आत टाय लावलेला एक पोरगेलासा साहेब होता. लाघवी बिचारा. म्हणाला, "मॅडम, ही गाडी तुमच्याशी बोलते."

म्हटलं, "बोलणारी घरात चिक्कार हायत. चढायला कशी हाय ते सांगा."

काठी लावली. गाडीचा तळ रेघेच्या वर वीतभर! त्याला म्हटलं, "न्हाय जमत."

"मॅडम, उंच गाडीला रुबाब असतो."

"रुबाब तुमच्यापाशी ठेवा. मला म्हातारी आत घालायची हाय."

दुसऱ्या शोरूमला तेच. तिथं वर आणि साहेब मला समजवायला लागला, की आज्जींना रोज थोडा व्यायाम द्या. आत्तीनं ते ऐकलं असतं तर त्याला नोकरी सोडून पळावं लागलं असतं.

*

तिसऱ्या ठिकाणी तळ रेघेच्या खाली निघाला. सरकतं दार, मध्ये दोन सुट्या खुर्च्या, मागं तिघांची जागा, प्रियांकाची छताची काचसुद्धा. मी आतून खूश, पण तोंड वाकडंच ठेवलं. पहिल्याच भेटीत हसलं की ही माणसं काही सोडत नाहीत.

मालक गाडी चालवून बघायला बसले. जरा वेळानं म्हणाले, "चालू करा की, साहेब."

"चालूच आहे, सर."

मालक खाली उतरले, बॉनेटला कान लावला, परत येऊन बसले. "मेली न्हाय न्हवं?"

चक्कर मारून आल्यावर म्हणाले, आता मागची सीट बघू. विकास बसला, बाळू बसला, मी बसले. मालक दारातनं त्या साहेबाला म्हणाले, "पावणं, तुमीबी सरका आत."

"सर, मागं तिघांचीच..."

"अवो, जरा तिरकं बसा की!"

तो भला माणूस टायसकट तिरका बसला. अर्धा माझ्या मांडीवर, अर्धा हवेत. मालकांनी बाहेरनं खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "बघा, अजून दोघंजण बसत्यात!"

*

काठीचं झालं, पण खरा पाय लावून बघायलाच पाहिजे होता. दुसऱ्या दिवशी आत्तीला रिक्षातनं शोरूमला नेली. तिनं गाडीला एक फेरी मारली, दार सरकताना बघितलं आणि म्हणाली, "भूत हाय काय आत?"

मग तिनं माझा खांदा धरला. पाय उचलला. गेला! दुसराही गेला! खुर्चीत बसली, पदर सारखा केला आणि समोर बघत राहिली. मी हळूच डोळं पुसलं. विकासला सांगितलं, एसीनं पाणी येतंय.

जरा वेळानं म्हटलं, "आत्ती, उतरा आता."

"कशाला?"

"ही दाखवायची गाडी हाय. घ्यायची वेगळी येणार."

"मग ती आल्यावर उतरतो."

काही केल्या उतरंना. साहेबानं चहा आतच आणून दिला. दोन गिऱ्हाईकं गाडी बघायला आली, त्यांना हिनं काच खाली करून सांगितलं, "ही गेली. फुडली बघा!"

*

चार्जिंगवरनं पण रामायण झालं. मी म्हणाले, घरचा मीटर झेपायचा नाही, कांडपाच्या शेडला थ्री फेज लाईन आहे, तिथं लावा. "आई, तुला काय कळतंय त्यातलं," असं म्हणून विकासनं माणूस बोलावला. माणसानं घराचा मीटर बघितला, शेड बघितली आणि म्हणाला, "शेडलाच लावा." मी आठवडाभर नुसती विकासकडं बघत होते.

पण एक गोष्ट माझ्याही ध्यानात आली नव्हती. गाडी रात्रंदिवस शेडला आणि शेडात ऐन सीझनची मिरची!

विकासच्या सासुरवाडीची माणसं गाडी बघायला आली. सगळी थाटात आत बसली. विहीणबाई म्हणाल्या, "एसी लावा की, बघू तर." विकासनं फुल लावला.

पहिली शिंक विहीणबाईंची. मग तर मोजायचं सोडून दिलं! व्याही शिंकत शिंकत दार शोधत होते आणि सरकतं दार ते ढकलत होते. शेवटी सगळी बाहेर पडली, नाकं लाल, डोळं लाल. विहीणबाईंनी नाक पुसत पुसत विचारलं, "शालनताई, ब्याडगी का संकेश्वरी?"

म्हटलं, "मिक्स हाय."

दोन किलो घेऊन गेल्या.

*

आणि मग ती जत्रेची फेरी.

मालक गाडीवर, शेजारी बाळू. मध्ये डाव्या खुर्चीत आत्ती, उजव्या खुर्चीत माझी नात स्वरा. मागं मी, विकास, प्रियांका. बरोबर सात. आत्ती हिरवं इरकल नेसून, डोक्यावर पदर घेऊन, आम्ही निघायच्या आधी दोन तास गाडीत जाऊन बसली होती.

वाटेत एका फाट्यावर उसाच्या रसाला थांबलो. स्वरा झोपली होती, तिला आतच ठेवली. आत्ती म्हणाली, "मी जरा आत जाऊन येतो." रसवाल्याच्या मागंच त्याचं घर. त्याच्या बायकोनं हात धरून नेली.

आम्ही रस प्यायलो. बर्फ कमी का जास्त यावर बाळूचं रसवाल्याशी भांडण झालं, ते मिटवलं. उजवीकडनं गाडीत शिरलो. मालक घाईला आले होते. "शालन, मोज! आली काय समदी?"

मी मागनं डोकी मोजली. "पाच, सा, सात! चला!"

गाडी निघाली. आवाज नाही, धक्का नाही. मी मागनं विचारलं, "आत्ती, गार लागतंय काय?"

पदराचं डोकं नाही म्हणून हललं.

"पाय सोडायला जागा बरी हाय न्हवं?"

डोकं व्हय म्हणून हललं. माझं काळीज सुपाएवढं झालं. प्रियांकाला कोपरानं ढोसून म्हटलं, "बघ! ह्यासाठी भांडलो मी!"

गारगोटीचा स्टँड आला. मधल्या खुर्चीतनं आवाज आला, "आप्पा, हितंच थांबीव की."

आवाज बारीक होता. आत्तीचा नव्हता.

म्हातारी वळली. हिरवंच इरकल, वयही तेवढंच, पण दात सगळे जागेवर! मालकांना म्हणाली, "लई दिवसानं दिसलास बाबा लायनीला. फाट्यावर उनात हुबी हुतो, तुला वळीखला, म्हटलं आप्पाची गाडी, बसावं. झ्याक गाडी केलीस! किती झालं?"

मालक म्हणाले, "वीस रु..." आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

माघारी येताना गाडीचाही आवाज नव्हता आणि माझा सोडून कुणाचा नव्हता. मालकांना म्हटलं, तुमचं तोंड ओळखीचं, म्हणून हे झालं. बाळूला म्हटलं, बर्फावरनं भांडलास, म्हणून ध्यान गेलं. विकासला म्हटलं, मोबाईलातनं मान वर काढली असतीस तर स्वतःची आज्जी ओळखली असतीस. प्रियांका वर काचेतनं आकाश बघत होती, तिलाही सोडलं नाही.

फाट्यावर रसवाला म्हणाला, "आज्जी व्हय? त्या गेल्या की वडापनं!"

"वडापनं? अवो, त्यांचं गुडघं..."

"माझा बाटल्यांचा क्रेट मागिटला, त्यावर पाय दिला, चढल्या. ड्रायव्हरनं फुडं बसवलं. पैसं मी भरलं, तुमच्याकडनं घ्या म्हणाल्यात."

माहेरी पोचलो तर आत्ती भावाच्या सोप्यात पाय लांब सोडून बसली होती. एका हातात चहा, दुसऱ्या हातात खारी, भोवती सगळा गोतावळा. आमच्याकडं एकदा बघितलं. चहा संपवला. कप खाली ठेवला.

"मोजलं कुणी?"

बाळू दाराकडं बघायला लागला. विकास खाली, प्रियांका वर. मालक चपला काढत होते. मान वर न करताच म्हणाले,

"शालननं."