मंदाच्या नकला

“मंदी नकला करून राह्यली, बाबा. खोटं हाय सारं.”

हे मी म्हटलं होतं. दहा वर्षांची असताना, माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीबद्दल.

आज मंदाला जाऊन सहा वर्षं झाली.

मंदा आठ वर्षांची असताना तिच्या नकलांवर अख्खं जऊळका गाव हसायचं. हेडमास्तरांची मान, गिरणीवाल्या काकूंचं तोंड मुरडणं. हुबेहूब.

म्हणूनच, घसा दुखून ताप येऊन गेल्यावर तिची मान झटके देऊ लागली, तेव्हा आम्ही आधी हसलोच.

भुलाबाईच्या सणात पोरींची गाणी झाली की खाऊचा डबा हलवून आत काय ते ओळखायचं. मंदाच्या हातून डबा उडाला. मुरमुरे अंगणभर.

पोरी ओरडल्या, “अजून कर ना वं, मंदे!”

“म्या नाही केलं. आपोआप होते.”

बाबांनी मला विचारलं, खरं का? मी ते अगदी सुरुवातीचं वाक्य बोलले.

बाबांनी तिला मारलं.

काही महिन्यांनी झटके थांबले. सगळे म्हणाले, मारानं सुधारली.

तिशीत तिला जिना चढताना दम लागू लागला. हृदयाची झडप खराब निघाली. डॉक्टरांनी विचारलं, “लहानपणी घसा, ताप, मग हातपाय उडणं, असं काही?”

मंदा हसली. “हिले विचारा साहेब. साक्षीदार हाय हे.”

घशातल्या जंतूंशी लढता लढता शरीर कधी स्वतःच्याच मेंदूवर, हृदयावर उलटतं, हे मला त्या दिवशी कळलं.

गेल्या रविवारी मालेगावला दादाकडे गेले. पुतणी ओवी, सात वर्षांची. टॉन्सिल्स सुजून गेल्यापासून डोळे मिचकावते, मान उडवते.

दादा ताटावरूनच ओरडला, “मोबाईल पाहून शिकली. एक फटका देला की बंद होते.”

“डॉक्टरले दाखव ना.”

“कायले? उद्या गावभर येडी म्हणतीन पोरीले.”

ओवी हात मांडीखाली दाबून बसली होती. समोरची भाकर तशीच.

मी मंदाच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, बहुतेक मुलांचे असे झटके, म्हणजे टिक्स, साधे असतात, आपोआप जातात. घशाशी संबंध असेलच असं नाही, डॉक्टरांतही त्यावर एकमत नाही. पण घरात असं होऊन गेलंय, तर घसा आणि हृदय एकदा तपासा. आणि मारू नका.

मंदे, तुझी माफी मागायची राहूनच गेली गं. सुखानं राहा.

आणि दादा, तू माझा फोन उचलत नाहीस, पण हे वाचशील.

सोमवारी ओवीले माह्यासंग अकोल्याले डॉक्टरकडे पाठव. एक दिवस.

तू नाहीच म्हणशील. तरी सकाळी आठ वाजता मी तुह्या दारात उभी राहीन.