बफिंगच्या आधी पोहोचायचं होतं

गुरुवारी सकाळी साडेआठला एक जुनं घड्याळ विकत आणायला चिंचवडहून निघण्याआधी मी राजगुरुनगरजवळच्या बबनतात्यांना फोन केला आणि तिथंच घोटाळा झाला.

“या सावकाश,” ते म्हणाले. “तवर घड्याळाला मस्त बफिंग मारून ठेवतो. आरशावानी करून देतो.”

मी नको-नको म्हणेपर्यंत फोन बंद. परत लावला, लागला नाही.

जुनी डायव्हिंगची घड्याळं जमवणाऱ्यांना माझी अवस्था कळेल. इतरांसाठी सांगतो. अशा घड्याळाच्या केसच्या, म्हणजे बाहेरच्या पोलादी कवचाच्या, कडा कारखान्यातून निघाल्या तशाच धारदार असतील, तर ते खरं जपलेलं घड्याळ. एकदा पॉलिश झालं की कडा गोल होतात, झिजलेलं पोलाद परत येत नाही. माझं पहिलं घड्याळ मीच हौसेनं चकाचक करून घेतलं होतं. तात्यांची तर उभी नोकरी भोसरीच्या एका कारखान्यात बफिंग खात्यात, मशीनवर धातू घासून चमकवण्यात गेली. निवृत्तीनंतर घरामागच्या शेडमध्ये त्यांनी स्वतःचं मशीन बसवलंय. त्यांना हे पाच मिनिटांचं काम.

दुचाकी काढली. नाशिक फाट्यावरून राजगुरुनगर तसा तासाभराचा रस्ता, पण चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनर अडकले की हिशोब संपला. गुरुवारी बऱ्याच कारखान्यांना सुट्टी असते, जाणार असाल तर हाच वार धरा. मोशीला इंद्रायणी ओलांडताना माझी मान सवयीनं लवते. त्या दिवशी दत्तगुरूंकडे मागणंही मागितलं, मी पोहोचेपर्यंत तात्यांचं मशीन सुरू होऊ देऊ नका.

एरवी चाकणला थांबून साबुदाण्याची खिचडी खातो. दत्ताचा गुरुवारचा उपवास असतो. चाळीस रुपये प्लेट, वर लिंबाची फोड. त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही. सुट्टी असूनही चौक तुंबलेला. मी हॉर्न वाजवत होतो, तर शेजारचा टेम्पोवाला म्हणाला, “काका, हॉर्ननं सिग्नल सुटत असता तर आम्ही बँडच लावला असता की.”

राजगुरुनगरच्या अलीकडे डावीकडे वळून गाव. तात्या शेडच्या दारात पुठ्ठ्यानं वारा घेत बसले होते.

“आलात? पन काम न्हाई झालं बघा. गुरुवार न्हवं का, तुमचा फोन झाला अन् लाइट गेली. फोनबी मेला.”

कारखान्यांना सुट्टी म्हणून याच दिवशी तारांची दुरुस्ती निघते, हे या पट्ट्यात पोरंसोरंही जाणतात. मला गुरुवारचा उपवास आठवला होता, गुरुवारी लाइट जाते हे आठवलं नव्हतं. वाटभर दत्तगुरूंना साकडं घातलं, आणि ते सकाळीच वायरमनला खांबावर चढवून मोकळे झाले होते.

स्टीलच्या डब्यातून, धोतराच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेलं घड्याळ निघालं. काळी तबकडी, आकड्यांच्या जागी दुधाच्या सायीच्या रंगावर गेलेले ठिपके, तबकडीभोवती अजून कटकट करत फिरणारी कडी. कडा अशा, की बोटाला जाणवाव्यात. ते तात्यांच्या थोरल्या भावाचं, अण्णांचं. अण्णा पाणबुडे होते. धरणाचे दरवाजे अडले की गढूळ पाण्यात उतरून चाचपडत काम करायचे. केसच्या डाव्या अंगाला एक खोल चरा होता.

“ह्यो तेवढा काढनार हुतो,” तात्या म्हणाले. “दरवाज्यात अण्णाचा हात सापडला, तवाचा. घड्याळ मधी आलं म्हनून मनगट वाचलं.”

“मग तो काढायचा कशाला?”

“तुमाला खराब माल कसा द्यायचा, राव?”

“तात्या, या घड्याळात सगळ्यात चांगलं तेच आहे.”

गप्प बसलो असतो तर घड्याळ माझं होतं. किंमत ठरली होती, पाकीट खिशात होतं. तात्यांचा अंगठा त्या चऱ्यावर बराच वेळ फिरत राहिला.

“मंग ऱ्हाऊ द्या हितंच,” शेवटी ते हळूच म्हणाले. “येवढ्या लांबनं आलात, राग नका धरू.”

“राग नाही. पण त्याला मशीन लावायचं नाही, एवढा शब्द द्या.”

“दिला. हात शिवशिवलं तर तुमची गाडी चमकावतो.”

परतताना चाकणला खिचडी खाल्ली. संध्याकाळी दत्ताची आरती करून माझं पहिलं घड्याळ काढलं. माझ्या पेटीत सगळ्यात जास्त तेच चमकतं. तात्यांसारखा त्याच्या कडेवरून अंगठा फिरवून पाहिला. कुठं अडलाच नाही.