भाराखालचा मेहुणा

कारखान्यात ‘वरच्याची मर्जी’ म्हटलं की ती देवाची नसे, क्रेनवाल्याची असे. अठ्ठावीस वर्षं तो छपराखालच्या केबिनमध्ये बसून टनावारी लोखंड उचलत आला होता. खाली उभं राहून त्याला हाताने इशारे देणारा माणूस म्हणजे त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. दोघांचं इतकं जमे, की मेहुण्याचं बोट हलायच्या आत हूक थांबलेला असे.

आणि हा क्रेनवाला आता शिडीला घाबरत होता.

का, ते विचारू नका. अपघात नाही, दुखणं नाही. तीन महिन्यांपूर्वी एका मंगळवारी, शिडीच्या बेचाळीस पायऱ्यांपैकी तेविसाव्या पायरीवर त्याच्या पायांनी संपच पुकारला. गज कवटाळून तो तिथेच चिकटून राहिला. खालून कुणीतरी विचारलं, ‘‘डुलकी लागली काय?’’ तो कसंनुसं हसला आणि घामाने निथळत वर गेला. तेव्हापासून रोज तेच. केबिनच्या तळाच्या काचेतून खाली नजर गेली की हात थरथरू लागत. मासळीने पाण्याला भ्यावं तसला प्रकार. लाजेपायी त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

त्यातच कंपनीने फर्मान काढलं. ही शेड बंद होणार. नव्या कारखान्यात बदली घ्या, नाहीतर मुदतीआधी निवृत्त व्हा. फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचा. तिथली क्रेन इथल्यापेक्षा दुप्पट उंच होती.

एरवी त्याने डोळे मिटून निवृत्ती घेतली असती. पण मेहुण्याने त्याला न विचारताच स्वतःच्या बदलीच्या फॉर्मवर सही ठोकली होती.

‘‘तुम्ही येणारच की, दाजी,’’ तो म्हणाला. ‘‘दुसऱ्या कुणाच्या क्रेनखाली मी उभा राहीन होय?’’

घरी बायकोने तर भांडी खोक्यांत भरायला घेतली होती. ‘‘दोघं बरोबर आहात म्हणून मला घोर नाही,’’ ती म्हणाली. ‘‘त्याला एकट्याला नका पाठवू. किती धांदरट आहे, माहितेय ना तुम्हाला.’’

तो नुसता हूं म्हणाला. निवृत्ती घेतली तर मेहुण्याला परक्याच्या हातात सोडायचं, आणि बदली घेतली तर आपल्या असल्या हातांत.

शुक्रवारी सकाळी कोरा फॉर्म खिशात घालून तो वर चढला. पहिलाच भार सहा टनांच्या तुळयांचा. थोडा उचलल्यावर भार एका बाजूला कलला. मेहुण्याने मूठ वर केली, म्हणजे थांबा. आणि नेहमीप्रमाणे सरळ भाराखाली शिरून तो साखळी तपासू लागला.

लटकत्या भाराखाली जाऊ नये, हे शेडच्या चारही भिंतींवर रंगवलेलं होतं. मेहुणा बिनदिक्कत जाई, कारण वर दाजी होते. दाजींनी त्याला कधी टोकलं नाही. खरं तर त्यांना त्या भरवशाचा अभिमानच वाटे.

आज लिव्हरवरचा हात थरथरला आणि भार बोटभर खाली आला. बोटभरच. मेहुण्याने वर पाहिलंसुद्धा नाही.

क्रेनवाल्याने दोन्ही हात काढून काखेत कोंबले, पायाने भोंगा दाबला आणि दाबूनच धरला. सगळी शेड धावत आली. मेहुणा चिडून भाराखालून बाहेर आला. तो पुरता लांब गेल्यावरच क्रेनवाल्याने भार कसाबसा जमिनीला टेकवला.

उतरायला त्याला पाव तास लागला. शिडीच्या तळाशी मेहुणा धुमसत उभा होता.

‘‘सगळ्यांसमोर भोंगा वाजवलात, दाजी? माझ्यावर?’’

क्रेनवाल्याने नुसते हात पुढे केले. ते अजून थरथरत होते.

‘‘तीन महिने असं चाललंय. आत्ता तू खाली असताना भार सुटला माझ्या हातून. मी निवृत्ती घेतोय.’’

मेहुण्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्याने त्या हातांकडे पाहिलं, मग तुळयांकडे. या तीन महिन्यांत आपण किती वेळा खाली गेलो, हे तो आठवत असावा. अगदी बारीक आवाजात तो म्हणाला, ‘‘मग तिथे मी कुणाच्या भरवशावर खाली जाऊ?’’

‘‘कुणाच्याच नाही,’’ क्रेनवाला म्हणाला. ‘‘माझ्याही जायला नको होतंस.’’