बाभळीचा इस्तो

“इस्तो हाये का वो घरात?” असं विचारून होईपर्यंत मावशी घरात आलेलीही असायची. एका हातात फुटक्या माठाचं खापर, दुसऱ्या हातानं पदर सावरलेला. इस्तो म्हणजे विस्तव. आमच्या शेगडीतले दोन निखारे ती खापरावर घ्यायची आणि उंबऱ्यावर टेकायची. गोष्टी संपेपर्यंत निखारे विझलेले असत. मग जाताना ताजे दोन.

अशी एखादी मावशी तुमच्याही गल्लीत असेल. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं आणि गल्लीत घरोघरी रॉकेलचे स्टोव्ह येत होते. “मावशी, स्टोव्हातलं काय देऊ तुमाले?” म्हणून शेजारणी हसायच्या. स्टोव्ह न घेतलेलं घर आमचंच उरलं होतं. त्यामागे काही तत्त्व नव्हतं. मला त्याला पंप मारायची भीती वाटायची.

मी मलकापूरचा, उन्हात वाढलेला. नोकरीनं घाट चढवून बुलढाण्याला आणलं आणि पहिल्याच हिवाळ्यात दात वाजायला लागले. त्यात घरात तान्ही मुलगी. तिची खोली उबदार राहायला हवी होती. लोखंडी शेगडी होती, पण तिच्यात जाळायचं काय? हा प्रश्न मी कचेरीतल्या फायलीसारखा हाताळला, म्हणजे निर्णय न घेता सगळ्यांचं मत मागत फिरलो.

मावशीकडे उत्तरं तयार होती.

“गवऱ्या आनू का?” मी विचारलं.

“आन. दारापोतर जात नाही तर राख होते त्यायची.”

कुणाच्या दारापर्यंत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

“मंग पऱ्हाटी?” कपाशीच्या वाळक्या काड्या कुणीही फुकट देत होतं.

“भपकन पेटते, भपकन इझते. तुह्या रागासारखी.”

आतून बायको हसल्याचं ऐकू आलं.

“मंग कोळसाच आनतो. धुराचा तरास नाही.”

मावशी पुढे सरकून हळूच म्हणाली, “कोळशाच्या शेकानं लेकराले केस येत नाहीत, भाऊ.”

“कोनं सांगितलं?”

“धाड गावाले माही मावसबहीण हाये. तिचा नातू पाह्यजो एकदा.”

मी नकळत स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. आमच्या मलकापूरच्या घरी कोळसा कधीच जळला नव्हता, हे फार उशिरा आठवलं. तोवर बाभळीची गाडीभर लाकडं दारात पडली होती.

शेगडी अंगणात पेटवायची, धूर गेला की आत न्यायची. धूर जायचा तो बायकोच्या डोळ्यांत. मावशी मात्र खूश. “बाभळीचा इस्तो म्हंजे इस्तो. कसा जित्ता राह्यते!”

पौषात ती एक-दोन दिवस आली नाही. बायकोनं मला ज्वारीची पेज घेऊन पाठवलं. मावशी तापानं गोधडीत, चूल थंडगार. पेटवावी म्हणून कोनाड्यात हात घातला तर आगपेट्यांची रांग.

“त्या ओल्या हायेत,” गोधडीतून आवाज आला.

मी काडी ओढली. पेटली.

“एखादी निंघते चांगली.”

दुसरीही पेटली. मावशी आढ्याकडे पाहत राहिली.

“काडी ओढली का चूल पेटली,” ती म्हणाली. “मंग सांजच्याले मी घराबाहेर काय कामानं पडू? एकटी बाई बिनकामाची फिरली का लोकं पाह्यतात.”

“अन् कोळशाचा काऊन राग?”

“त्याचा एकेक तुकडा इकतचा. लाकडाचं कोन मोजते? लोकाच्या पैशाचा इस्तो कोनत्या तोंडानं मागू?”

मी चूल पेटवली. घरी येऊन ही बातमी बायकोला मोठ्या थाटात दिली. तिनं पिठातला हातही काढला नाही.

“मले दिवाळीपासून माहीत हाये.”

“मंग मले गाडीभर लाकडं काऊन घेऊ देली?”

“पोरीच्या केसासाठी,” ती म्हणाली.

त्यानंतर दर हिवाळ्यात आमच्याकडे बाभूळच आली. कचेरीत लोक विचारायचे, अजून लाकडं? मी वैद्याचं नाव सांगायचो. मुलीला कमरेपर्यंत केस आले आणि मावशी गल्लीभर त्याचं श्रेय घेत फिरली. धाडच्या त्या नातवालाही पुढे मी पाहिलं. केसाळ होता.

मग एका उन्हाळ्यात मावशी गेली. थंडी पडली तसं बायको म्हणाली, “आता कोळसा आना.” आणला. काय सांगू, उत्तम निघाला. धूर नाही, फुंकणं नाही. खिडकी किलकिली ठेवली तरी खोली तापलेली.

दिवस कलायला लागला तशी बायको शेगडीपाशी चुळबुळ करू लागली. उठली, डोक्यावर पदर घेतला.

“शेजारी जाऊन येतो,” म्हणाली.

“काय काम काढलं?”

“काई नाही.”

आणि सगळ्या गल्लीच्या देखत, रिकामे हात हलवत, ती निघून गेली.