सासूबाईंची तीन महिन्यांची स्पॅनिश

आमच्या सासूबाई कुठल्याही भाषेत वस्तूंची नावं शिकत नसत. त्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेज्जूरकडच्या. घरात मराठी, शेतावर गोंडी, बाजारात तेलुगू आणि कचेरीत काम पडलं तर उर्दू. एवढं सगळं बोलणाऱ्या बाईला तेलुगूत वांग्याला काय म्हणतात ते मात्र येत नसे. विचारलं की म्हणायच्या, "वांग्याले बोट दाखवता येते, जवाईबापू. मानसाच्या दुखन्याले कुठं बोट दाखवता?"

मी आदिलाबादला कापसातली सरकी काढणारी जिनिंगची यंत्रं बसवणारा माणूस. नव्वद सालानंतर आमच्या मालकांनी काही यंत्रं थेट पेरू देशात विकली आणि ती चालती करून द्यायला वर्षभरासाठी मला पाठवलं. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, तेव्हा चौथा महिना होता. आमचं पहिलं बाळ जन्मतःच गेलं होतं. तेव्हापासून ती फारशी कोणाशी बोलत नसे. परक्या मुलखात एकटी कशी राहील, म्हणून सासूबाई सोबत निघाल्या. तोवर त्यांचा सर्वांत लांबचा प्रवास नागपूरचा.

पेरूत उतरल्यावर विमानतळावरच्या साहेबाने त्यांच्या पासपोर्टवर शिक्का मारला.

"किती दिवसाचं हाय?" त्यांनी विचारलं.

"तीन महिने. पण वाढवून घेऊ."

त्यांनी बोटांवर मोजलं. बाळंतपणाला पाच महिने होते. "नाई वाढलं तं?"

"मी आहे ना, आई," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. जावयाला उलट बोलायची त्यांच्यात रीत नव्हती.

आमच्या वाट्याला आलेलं गाव कापसाचं, धुळीचं, थेट आपल्याकडच्यासारखं. मी हैदराबादहून स्पॅनिश शिकवणारं पुस्तक नेलं होतं. रोज संध्याकाळी मी घरात वर्ग घ्यायचो. 'वाचनालय स्थानकाच्या डाव्या बाजूस आहे' हे वाक्य मी तिन्ही काळांत म्हणून दाखवत असे. गावात वाचनालय नव्हतं, स्थानकही नव्हतं. सुनंदा मुकाट्याने पानं उलटायची. सासूबाई तिसऱ्या दिवशी मटाराची टोपली उचलून उठल्या.

"कुठे निघालात?"

"शाळेत."

शाळा म्हणजे शेजारच्या रोसाबाईंचा ओटा. रोसाबाई साठीच्या, नवरा गेलेला, मुलं शहरात. मक्याचं पीठ केळीच्या पानात गुंडाळून, उकडून विकायच्या. सासूबाई तिथं बसून पानं पुसून द्यायच्या आणि रोज एकच वाक्य घेऊन घरी यायच्या.

"आज काय शिकलात?"

"रात्री झोप लागली का, हे कसं इचारावं ते."

दुसऱ्या दिवशी 'जेवली का', तिसऱ्या दिवशी 'मले भेव वाटते'. एकदा म्हणाल्या, "पोटात कळ येऊन राह्यली, लवकर ये."

मी हसलो. "आई, तुम्हाला कसली कळ?"

"शिकून ठेवावं मानसानं," म्हणाल्या, आणि तेच वाक्य सुनंदाकडून दहा वेळा म्हणवून घेतलं.

पुढे त्या सुनंदालाही टोपली धरायला म्हणून नेऊ लागल्या. एका संध्याकाळी भिंतीपलीकडून सुनंदाच्या हसण्याचा आवाज आला. दीड वर्षाने. माझा वर्ग लागू पडला असं समजून मी दुसऱ्या दिवशी नवा धडा घेतला.

मुदत वाढवण्याचा अर्ज मी स्वतः लिहिला. दोन पानं, पुस्तकातले सगळे आदरार्थी शब्द वापरून. तो नामंजूर झाला. घरी आल्यावर सुनंदाला सांगायची हिंमत होईना. सासूबाईंनी माझा चेहरा पाहिला.

"नाई वाढवलं ना?"

"रागावलात?"

"तुमच्यावर काऊन रागावू? तुमी कागद चांगलाच लिवला असन. पन मी पहिल्या दिवसापासून तीनच महिने धरले होते."

आमच्याकडे मुलगी लांबच्या गावी दिली की तिची आई त्या गावात एखादी धरमाची माय पाहून ठेवते आणि तिला लुगडं देऊन मुलगी तिच्या हवाली करते. निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी ट्रंकेतून नवंकोरं हिरवं लुगडं काढलं. घरून निघतानाच आणलेलं. सुनंदाचा हात धरून त्या शेजारी गेल्या. मी दारात उभा होतो. लुगडं रोसाबाईंच्या मांडीवर ठेवलं, त्यावर सुनंदाचा हात ठेवला, आणि म्हणाल्या, "एस मी इहा. आओरा, तू इहा." ही माझी लेक. आता तुझी लेक.

रोसाबाई डोळे पुसत खूप काही बोलल्या. मला निम्मं कळलं नाही. सासूबाई मात्र प्रत्येक शब्दाला मान हलवत होत्या. इतके दिवस ही बाई ओट्यावर गप्पा मारायला जाते असं मी समजत होतो.

विमानतळावर त्या रडल्या नाहीत. "हिले फार शिकवत बसू नका," एवढंच मला म्हणाल्या.

दोन महिन्यांनी, भर दुपारी, मी यंत्राखाली झोपून नट आवळत असताना कोणीतरी पळत निरोप घेऊन आलं. सुनंदाने भिंतीवरून रोसाबाईंना हाक मारली होती आणि ते पाठ केलेलं वाक्य म्हटलं होतं. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा दोघी आत होत्या. आत फक्त आईला सोडत. कारकुनाने कागद पुढे केला. रोसाबाईंच्या नावापुढे, नात्याच्या रकान्यात 'आई' लिहिलं होतं.

"ही तुमच्या बायकोची आई?" त्याने विचारलं.

"सी," मी होकार दिला, आणि सही केली.

मुलगी झाली. मायलेकी सुखरूप. मी बेज्जूरला सविस्तर कळवलं. महिन्याभराने सासूबाईंनी कोणाकडून तरी लिहून घेतलेलं उत्तर आलं. नातीविषयी दोन ओळी होत्या. जावयाला नमस्कार होता. बाकी सगळं पत्र रोसाबाईंच्या नावाने, आपल्या मराठीत. सुनंदाने लेकीला मांडीवर घेऊन, त्या ओट्यावर बसून ते त्यांना स्पॅनिशमध्ये सांगितलं. ती अडखळत होती, कुठे थांबत होती, पुन्हा जोडून घेत होती. रोसाबाई मान हलवत होत्या.

मी शेजारीच बसलो होतो. मध्ये बोललो नाही.