आक्कानं ओवून ठेवलेली सुई

जालन्याच्या मोंढ्यात कापसाची गाडी सोडत होतो, तेवढ्यात आक्काच्या गल्लीतला माणूस धावत आला. "चला जल्दी... आक्का गेल्या." तिचं काळजाचं दुखणं जुनंच होतं. गाडी तशीच टाकून निघालो. आता काही आठवडे झाले, रडून झालं. माझ्या या थोरल्या बहिणीबद्दल मला अभिमानानंच लिहायचं आहे.

आक्काची नजर घारीची. दुपारी गल्लीतल्या म्हाताऱ्या गोधडीच्या सुया घेऊन तिच्या ओट्यावर यायच्या. ती बोलता बोलता ओवून द्यायची. वर आणखी काही ओवून खिडकीजवळच्या चिंधीत टोचून ठेवायची, म्हणजे ती घरी नसली तरी कुणाचं अडायला नको. मी चिडवायचो, "नोकरीच धरलीस की गं ही!"

तिच्या सासूच्या दोन्ही डोळ्यांत देवीच्या रोगानं फूल पडून नजर गेलेली. निजामाचं राज्य गेल्यावर आक्का आणि दाजी म्हातारीला मुंबईला घेऊन गेले. तिथले डॉक्टर म्हणाले, मेलेल्या माणसाच्या बुबुळावरचा पडदा काढून बसवता येतो, पण देणारंच कुणी नाही... म्हातारी नातवाचं तोंड न बघताच गेली. तिचं तेरावं होताच आक्कानं सांगून टाकलं, "मी मेल्यावर माझे डोळे द्यायचे." घरात गहजब झाला. थोरले दीर दाजींवर गरजले, "पुढल्या जन्मी आंधळी यील ही!" आक्का दाराआडून म्हणाली, "मंग आत्याबाईनं मागल्या जन्मी कुणाला देल्ते डोळे?" दीर बधले नाहीत. आक्कानं दाजींकडून शब्द घेतला. खरं सांगतो, मला भरवसा नव्हता. थोरल्या भावापुढे दाजींनी जन्मात कधी तोंड उघडलं नव्हतं.

त्या दिवशी मी पोचलो तेव्हा मोठ्या जाऊबाई काजळाची डबी घेऊन बसल्या होत्या. सवाष्णीला मळवट भरून, डोळ्यांत काजळ घालून पाठवायची आमची रीत. दाजी मात्र उशाशी बसून, डोळे सुकू नयेत म्हणून आक्काच्या मिटल्या पापण्यांवर ओला कापूस धरून होते.

"हात काढ," दीर म्हणाले. "बिनकाजळाची न्यायची का सवाष्ण?"

"काजळ नंतर, दादा. डॉक्टर येऊन राह्यलेत."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. तिला शब्द देल्ता म्या. हात काढणार न्हाई."

मला दाजींचे पाय धरावेसे वाटले.

गावातल्या डॉक्टरांनी दार लावून काम केलं. बर्फ घातलेल्या थर्मासमधून डोळे मनमाडच्या गाडीनं मुंबईला निघाले. दीर आत गेले. आक्काचा चेहरा होता तसाच, पापण्या शांत मिटलेल्या. वाकून बघून ते बायकोला म्हणाले, "लाव आता काजळ. बराबर लाव." जाऊबाईंनी पापण्यांच्या कडेनं रेघ ओढली.

पुढे डॉक्टरांनीच कळवलं, मुंबईत एका बाईला दिसू लागलंय. जाळून राखच व्हायची होती, त्यातून कुणाचं घर उजळलं! माझे डोळेही द्यायचे, असं मी घरी बजावून ठेवलं आहे.

परवा आक्काच्या घरी गेलो. चिंधीत तिनं ओवलेली एकच सुई उरली होती. शेजारची म्हातारी आली, सुईकडे बघितलं आणि मागे फिरली. "राहू द्या. तिच्या हातची हाये."

दाजी उठले. सुई काढून त्यांनी तिच्या हातात दिली. "घ्या. ठेवायला थोडीच ओवल्ती तिनं."